आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड? सत्तर हजारांचा हिशेब

लोकलच्या गर्दीत अर्धा भाग ऐकूच येत नाही अशी तुमची तक्रार असते, म्हणून नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. मध्येमध्ये अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.

गेले काही महिने मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. कधी नेरूळहून, कधी खारघरहून, कधी कोपरखैरण्याहून. "दादा, सत्तर हजार आहेत. आय७ घेऊ का? आणि उरलेल्या पैशात कुठलं ग्राफिक्स कार्ड बसेल?"

आता हे सत्तर हजार कुठून आलेले असतात ते आपल्याला माहितीये. कुणी पहिले सहा पगार बाजूला टाकलेले असतात, कुणी घरी "अभ्यासालाही लागेल" असं सांगून अर्धे मिळवलेले असतात. एकदा खर्च झाले की पुढची चार-पाच वर्षं घरात पुन्हा विषय काढता येत नाही. सीलबंद प्रोसेसरचा डबा उघडला की दुकानदार तो परत घेत नाही. त्यामुळे आज जरा सावकाश जाऊया.

सगळ्यात आधी तो 'आय७' डोक्यातून काढा. आय५, आय७ ही इयत्ता नाही, तुकडी आहे. कुठल्या सालची तुकडी ते महत्त्वाचं. ऑनलाइन जाहिरातींमध्ये पंधरा-वीस हजारांत 'आय७ गेमिंग पीसी' दिसतो ना, आरजीबी पंखे लावलेला? त्यात पुष्कळदा आय७ २६०० किंवा त्याच्या मागचा-पुढचा एखादा भाऊ असतो. हा प्रोसेसर जानेवारी २०११ चा. म्हणजे तुमच्यातले काही जण तेव्हा बालवाडीत होते. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, ते या मशिनवर मिळत नाही. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या इंटेलमध्ये एव्हीएक्स२ नावाच्या सूचना नाहीत. त्या चौथ्या पिढीपासून आल्या, आणि काही नवे गेम त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. २०२२ चा साधा आय५ १२४०० या म्हाताऱ्या आय७ ला आरामात मागे टाकतो. नाव पाहून पैसे दिले की असं होतं.

बरं, मग सुरुवात कुठून करायची? दोन प्रश्नांपासून. कुठला गेम? आणि कुठल्या स्क्रीनवर? हे ठरल्याशिवाय प्रोसेसर आणि कार्डाची चर्चा म्हणजे पाहुणे किती ते न विचारता हॉल बुक करणं.

फोन घेताना हा घोळ होत नाही. स्नॅपड्रॅगन असो की डायमेन्सिटी, प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये येतात, जोडी कंपनीनंच जुळवलेली असते. पीसीमध्ये हे लग्न आपण जुळवायचं असतं, म्हणून दोघांचं काम काय ते कळायला हवं.

स्क्रीनवर दिसणारी प्रत्येक फ्रेम दोन टप्प्यांत तयार होते. आधी प्रोसेसर ठरवतो: शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, दार उघडलं की नाही, कॅमेरा कुठे वळला. मग तो ग्राफिक्स कार्डाला यादी देतो, हे हे काढ. कार्ड ते रंगवतं. गणपतीच्या मंडळाची सजावट डोळ्यांसमोर आणा. एक अनुभवी माणूस काय कुठे लावायचं ते सांगतोय, आणि दीडशे पोरं एकाच वेळी कागद चिकटवतायत. प्रोसेसर म्हणजे तो माणूस. कोअर सहा-आठ, पण प्रत्येक हुशार. कार्ड म्हणजे ती पोरं. आरटीएक्स ४०६० मध्ये ३०७२ कोअर आहेत, प्रत्येक साधा, पण सगळे एकदम कामाला लागतात.

सांगणारा हळू असेल तर पोरं बसून राहतात. पोरं कमी असतील तर सांगणारा वाट बघत बसतो. 'बॉटलनेक' म्हणतात ते एवढंच. आणि ते शून्य कधीच होत नाही. कुणीतरी कुणाची तरी वाट बघणारच. इंटरनेटवरचे बॉटलनेक कॅल्क्युलेटर '१४ टक्के' वगैरे आकडे देतात, त्यांच्याकडे माझ्या मते दुर्लक्ष करा. तोच पीसी एका गेममध्ये प्रोसेसरला अडतो आणि दुसऱ्यात कार्डाला.

आता स्क्रीन का विचारली ते बघा. १०८०पी म्हणजे एका फ्रेममध्ये साधारण २०.७ लाख ठिपके. १४४०पी म्हणजे ३६.९ लाख. फोरके म्हणजे ८२.९ लाख, बरोबर चौपट. ठिपके वाढले की रंगवणाऱ्यांचं काम वाढतं, सांगणाऱ्याचं जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणून स्क्रीन मोठी तर कार्डावर भार. उलट बाजूनं, तुम्हाला सेकंदाला ६० ऐवजी १४४ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळणारा वेळ १६.७ मिलिसेकंदांवरून ६.९ वर येतो. आता सांगणाऱ्याचीही धावपळ. म्हणून फ्रेम जास्त तर प्रोसेसरवरही भार.

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ खेळणारी मंडळी बहुतेक दुसऱ्या गटातली. सेटिंग लो, फ्रेम भरपूर हव्यात. इथे प्रोसेसर आणि रॅम महत्त्वाची, कार्ड मध्यम चालतं. सायबरपंक २०७७ सारखे गेम पहिल्या गटातले, तिथं कार्डच राजा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला 'राजी' खेळला नसेल तर खेळा, तो दोघांकडूनही फारसं काही मागत नाही. आपल्याकडच्या लोकांनी बनवलेला गेम म्हणून सांगतोय, विषयाशी संबंध थोडाच आहे.

घरी जुना पीसी असेल तर नवीन काय घ्यायचं हे ठरवायला एक फुकटची चाचणी आहे. गेम सुरू करा, फ्रेम मोजा. मग रेझोल्युशन १०८०पी वरून ७२०पी करा. फ्रेम भरभर वाढल्या तर कार्ड अडतंय. वाढल्याच नाहीत तर प्रोसेसर अडतोय, नवीन कार्ड घेऊन फारसा उपयोग नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्के दिसतो म्हणून फसू नका. सहा कोअरपैकी एकच कोअर पूर्ण दमलेला असेल तरी सरासरी कमीच दिसते. कार्डाचा आकडा मात्र खरा मानायला हरकत नाही. ९५ च्या वर असेल तर ते पूर्ण राबतंय.

पैशाची वाटणी कशी? मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेतले साधारण ४० टक्के कार्डाला आणि त्याच्या निम्मे प्रोसेसरला, असा माझा अंदाज असतो. नियम नाही, अंदाज. फक्त व्हॅलोरंटवाल्यांनी कार्डाचे थोडे कमी करून प्रोसेसरला द्यावेत.

प्रोसेसरमध्ये आज साध्या बजेटला सहा कोअर, बारा थ्रेड पुरतात. जुन्या एएम४ सॉकेटवर रायझन ५६००, इंटेलकडे आय५ १२४००एफ, आणि नव्या एएम५ वर रायझन ७६०० किंवा ७५००एफ. शेवटच्या 'एफ' कडे लक्ष द्या. इंटेल असो वा एएमडी, 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. थोडे पैसे वाचतात, पण कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर तितके दिवस पीसी आंधळा. आणि हो, 'एफ' प्रोसेसर घेऊन एचडीएमआय केबल मदरबोर्डला लावायची आणि "पीसी डिस्प्ले देत नाही" असा मेसेज पाठवायचा, असं दर महिन्याला कुणीतरी करतंच. केबल कार्डाला लावा!

५६०० आणि ५६००जी एकच समजू नका. 'जी' मध्ये आत बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे, व्हॅलोरंट चालतो. पण त्याची एल३ कॅश १६ एमबी आहे, साध्या ५६०० मध्ये ३२. कॅश म्हणजे सांगणाऱ्याच्या हाताजवळची वही. वही लहान असली की तो सारखा कपाटाकडे, म्हणजे रॅमकडे जातो. गेममध्ये याचा फरक किती पडतो हे एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरांनी दाखवलं. २०२२ च्या ५८००एक्स३डी मध्ये चिपवर जास्तीची कॅश चढवून ती एकूण ९६ एमबी केली, आणि जुन्या सॉकेटचा हा प्रोसेसर गेमिंगमध्ये नव्यांच्या तोडीला गेला. म्हणून आज पैसे नाहीत, कार्ड पुढच्या वर्षी घेऊ असं असेल तरच 'जी'. आजच कार्ड घेणार असाल तर 'जी' नको.

एएम४ की एएम५? एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, आणि एएमडीनं हे सॉकेट २०२७ आणि पुढेही चालवायचं जाहीर केलंय. म्हणजे तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता येईल. पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव इतके चढले की हा सरळ हिशेब बिघडला. ज्याच्याकडे जुन्या पीसीतल्या दोन चांगल्या डीडीआर४ पट्ट्या आहेत, त्यानं एएम४ वर राहून वाचलेले पैसे कार्डात घालणं मला शहाणपणाचं वाटतं. रॅम घेताना १६ ची एक पट्टी नको, ८ च्या दोन घ्या. दोन पट्ट्या म्हणजे दोन रस्ते.

सेकंड हँड इंटेल घेणाऱ्यांसाठी एक सूचना. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता यायची, गेम मध्येच बंद पडायचे. इंटेलनं २०२४ मध्ये बायोसमधून सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेली चिप अपडेटनं बरी होत नाही. बारावी पिढी यात नाही. त्यामुळे "१३७००के एकदम स्वस्तात" कुणी देत असेल तर बिल मागा.

आता कार्ड. इथं जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच जातात.

नाव पाहून फसायचे प्रकार इथं जास्त. आरटीएक्स ३०५० दोन आहेत, ८ जीबी आणि ६ जीबी. फरक फक्त मेमरीचा नाही, ६ वाल्यात कोअरही कमी आहेत, २५६० ऐवजी २३०४. जुन्या बाजारात 'आरएक्स ५८० २०४८एसपी' दिसतं, ते नावाला ५८०, आतून जवळजवळ ५७०. आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डशी फक्त चार लेननी बोलतं. जुन्या पीसीआय ३ च्या बोर्डवर लावलं की सायन-पनवेल हायवेवरून एकदम एका गल्लीत शिरल्यासारखं होतं.

मग व्हीरॅम. कार्डावरची मेमरी म्हणजे पोरांच्या हाताशी ठेवलेलं सामान. सामान मावलं नाही की ते मेन रॅममधून आणावं लागतं आणि गेम झटके देतो. सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, पण वळताना अडखळतो. ८ जीबी २०१६ मध्ये जीटीएक्स १०७० वर होती, आणि २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० वरही ८ च आहे. नऊ वर्षं! यामागे गणित आहे. मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटची वाट घेते. कार्डाची बस १२८ बिटची असेल तर चार चिप बसतात, २ जीबीची एकेक धरली की ८. बस १९२ ची असेल तर सहा चिप, १२ जीबी. म्हणून जुनं ३०६० १२ जीबीचं आणि नवं ४०६० ८ जीबीचं. १२८ वरच १६ हवी असेल तर बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिप लावतात, ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटीच्या १६ जीबीवाल्या कार्डांसारखं. १०८०पी वर ऑनलाइन गेमच खेळणार असाल तर ८ चालेल. मोठे गेम, टेक्स्चर हाय ठेवून, तीन-चार वर्षं खेळायचे असतील तर ८ वर नवे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. १२ किंवा १६ बघा, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणावा लागला तरी.

पण ही पायरी किती खाली आणायची याचंही एक चांगलं उदाहरण आहे. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं, १२ जीबी, किंमत अमेरिकेत २४९ डॉलर. सगळ्यांनी वाहवा केली. ती परीक्षणं महागड्या प्रोसेसरांवर केलेली होती. जानेवारीत काही जणांनी तेच कार्ड रायझन २६००, ५६०० अशा साध्या प्रोसेसरांवर लावून पाहिलं, तर काही गेममध्ये फ्रेम बऱ्याच घसरल्या. त्या कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेत होता. म्हणजे ज्यांच्यासाठी स्वस्त कार्ड, त्यांच्याच पीसीवर ते लंगडत होतं. शिवाय त्याला रिसायझेबल बार चालू असावं लागतं, जुन्या बोर्डांवर ते नसतं. व्हिडिओ बघताना म्हणूनच पहिल्या मिनिटाला एक गोष्ट शोधा: चाचणी कुठल्या प्रोसेसरवर केली?

फ्रेम जनरेशनबद्दलही विचारता. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांनी स्टेजवरून सांगितलं की ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९० इतकं चालेल. त्यात खऱ्या फ्रेमांच्या मध्ये तयार केलेल्या फ्रेम मोजलेल्या होत्या. दिसायला गुळगुळीत वाटतं, पण तुमच्या माऊसचा प्रतिसाद खऱ्या फ्रेमांवर ठरतो. मूळच्या ६० असतील तर मजा येते, मूळच्या २५ असतील तर चिखलात पळल्यासारखं वाटतं. डीएलएसएस किंवा एफएसआरचं अपस्केलिंग वेगळं. ते खरोखर कामाचं, वापरा.

"कार्डं एवढी महाग का?" याचं थोडं उत्तर आपल्या दारातच आहे. पनवेलला योट्टाचं एनएम१ डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झालं, आणि २०२४ मध्ये तिथं एनव्हिडियाच्या एच१०० चिपा यायला लागल्या, त्याही हजारांच्या हिशेबात. एकेका चिपवर ८० जीबी मेमरी. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या बिनखिडक्यांच्या इमारती ट्रेनमधून रोज बघतो आपण. एनव्हिडियाच्या जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एकूण विक्री १३०.५ अब्ज डॉलर होती, त्यात गेमिंग ११.३५ अब्ज. म्हणजे रुपयातले नऊ पैसेसुद्धा नाहीत. मेमरीवाल्यांचंही तेच. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं 'क्रुशल' हा सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं, कारण डेटा सेंटरची मागणी. आपण रांगेत मागे आहोत. त्यामुळे "पुढच्या महिन्यात स्वस्त होईल" म्हणून अनंत काळ थांबू नका. लागेल तेव्हा घ्या.

घ्यायचं कुठे? नवी मुंबईतही दुकानं आहेत, ऑनलाइन आहेच, पण भाव कळायला एकदा लॅमिंग्टन रोडला जाऊन या. हार्बरनं कुर्ला, तिथून दादर, मग पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण रस्ता विचारताना लॅमिंग्टनच म्हणा. १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव आहे ते. पूर्वी हा थिएटरांचा रस्ता, 'शोले' वर्षानुवर्षं चालला ते मिनर्व्हा इथलंच. असो. तीन दुकानांत कोटेशन घ्या, आणि ते कागदावर पूर्ण मॉडेल नंबरासकट. "४०६० कार्ड, ५५० वॉट एसएमपीएस" एवढं लिहिलेलं कोटेशन म्हणजे कोरा चेक. स्वस्तातल्या कोटेशनमधला फरक बहुतेक वेळा एसएमपीएसमध्ये लपलेला असतो, आणि तोच बिघडताना बाकीच्यांना घेऊन जातो. "बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य ऐकू येईलच. १८ टक्के जीएसटी टोचतो खरा, पण सिरियल नंबर लिहिलेलं बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी तुम्ही आणि तुमचं नशीब.

सेकंड हँड कार्ड वाईटच असतं असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि ढिगानं कार्डं बाजारात आली. त्यातली पुष्कळ अजून ठणठणीत आहेत. पण चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड उघडा, जुन्या कार्डाला नवं नाव चिकटवलेलं असेल तर ते बऱ्याचदा ओळखून 'फेक' लिहून दाखवतं. मग अर्धा तास एखादा जड गेम चालवा, तापमान बघा, पंख्यांचा आवाज ऐका. आणि मागची धातूची पट्टी बघा. आपल्याकडे खाडीची हवा, खिडकीजवळ चार पावसाळे काढलेल्या कार्डाची पट्टी गंजलेली दिसते. पट्टी गंजली असेल तर आत काय असेल?

विजेचं घरचे विचारणारच, तर आकडा तयार ठेवा. ७६०० आणि ४०६० चा पीसी मॉनिटरसकट गेम खेळताना ३०० वॉट धरा. रोज चार तास म्हणजे १.२ युनिट, महिन्याला ३६. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटला टप्पे बदलतात, त्यामुळे घरचं बिल आधीच काठावर असेल तर ते ३६ जरा महाग पडतात. पावसाळ्यात लाइट जाते-येते तिथं यूपीएस घ्या, पण नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. मोठं कार्ड असेल तर तो ऐन मॅचमध्ये शिट्टी मारून मोकळा होईल.

पीसी जोडून झाला की दुकानातच चालू करून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नाव आणि प्रोसेसरचं नाव बिलाशी जुळवा, रॅमचा वेग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो लावून पूर्ण करून घ्या. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो १४४ वर आहे का बघा; बऱ्याच जणांचा वर्षभर ६० वरच चालू असतो. मॉनिटरचं पॅनेल, रिफ्रेश रेट वगैरे सगळं पुढच्या भागात. त्याआधी तुमची कोटेशनं पाठवा, किमती आणि मॉडेल नंबर दिसतील असा फोटो काढून.